डॉकिंग आणि वेगाचे आकडे

महोदय,
अवकाशात दोन उपग्रह एकमेकांना जोडण्याच्या (म्हणजेच डॉकिंगच्या) ‘इस्रो’च्या ‘स्पेडेक्स’ प्रयोगावरच्या बातम्यांत ताशी २७ हजार किलोमीटरहून अधिक वेगाचेच कौतुक फार. आकडा खरा, पण दोन्ही उपग्रहांचा वेग जवळजवळ सारखाच, म्हणून डॉकिंगसाठी तो बिनकामाचा. बघायचा तो सापेक्ष वेग, म्हणजे एकाच्या तुलनेत दुसऱ्याचा. प्रत्येकी सुमारे २२० किलोचे हे उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी जोडले गेले, ते सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभराच्या हिशेबाने. वाहिन्यांच्या ॲनिमेशनमध्ये मागचा उपग्रह इंजिन पेटवून सरळ पुढच्याला गाठतो. (रस्त्यावरचे ओव्हरटेकिंगच जणू!) प्रत्यक्षात अंतर मोठे असताना पुढे जोर दिला, तर कक्षा उंचावते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि उपग्रह उलट मागे पडतो. गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते. १२ जानेवारीला उपग्रह तीन मीटर अंतरावर आणून मागे घेणे हीदेखील चाचणीच होती, फजिती नव्हे.
– एक वाचक, पुणे