विषय: दोन फोर ऑफ कप्स, शून्य नाइन ऑफ कप्स, आणि ‘किट पूर्ण आहे’ हे तुमचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आणि त्यांच्या वर कोणी बसत असेल तर तेही)

आज मंगळवारी सकाळी ११.४० ला लावलेला फोन १२.२० ला संपला. संपला म्हणजे तुमच्याकडून ठेवला गेला. पाठोपाठ मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.’ तारे द्यायला हरकत नव्हती. तुमच्या टॅरोच्या पत्त्यांच्या कॅटमधलं सतरा नंबरचं स्टार कार्ड निदान जागेवर आहे, तेच पाठवलं असतं. पण मग माझ्याकडे आणखी एक कार्ड कमी झालं असतं.

टॅरो आणि रून्स (म्हणजे जुन्या युरोपी लिपीच्या अक्षरांचे दगड), लेव्हल एक व दोन एकत्र, असा तुमचा कोर्स मी जूनमध्ये १४,९९९ रुपये भरून घेतला. किट त्यातच. कॅट कुठला, रून्स किती, हे तुम्हाला सांगत बसत नाही. माल तुमचाच आहे, तुम्हाला माहीत असणार. निदान असायला हवं.

कॅटमध्ये फोर ऑफ कप्स दोन आहेत. नाइन ऑफ कप्स एकही नाही.

मी एकतीस वर्षं बँकेत होते, त्यातली एकोणीस कॅश काउंटरवर. त्यामुळे पार्सल उघडल्यावर पहिलं काम मोजायचं. पहिल्या फोनवर मला ‘मॅडम, नीट मोजले का?’ असं विचारलं गेलं, ते मी त्या मुलाच्या वयाकडे बघून सोडून दिलं. बावीस मेजर म्हणजे मुख्य कार्डं, मग कप्स धरून चार सूट, प्रत्येकी चौदा. कप्सवर आले तेव्हा झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तो मुलगा, समोर तीन कप, ढगातून चौथा कप पुढे करणारा हात. ठीक. आणि पुढचं कार्ड उचललं तर तोच मुलगा, तोच हात. दुसऱ्या कार्डाची पाठ बाकीच्यांपेक्षा एका छटेने गडद निळी आहे. म्हणजे ते दुसऱ्याच छपाईतून आलेलं आहे. कॅट पिसून पालथा पसरला तरी मी ते लांबून ओळखते. पाठीवरून ओळखू येणाऱ्या पत्त्याने भविष्य सांगत नाहीत, तीन पत्ती खेळतात.

आता आजच्या फोनबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे फोन ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतात असं ती बाई दर वेळी सांगते. मग हा जरूर ऐका. मराठीसाठी तीन दाबलं. मुलगी हिंदीत बोलली. मी मराठीतच बोलत राहिले, तेव्हा तीही मराठीवर आली. चांगली गोड मुलगी होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

‘मॅडम, टोटल किती कार्ड्स आहेत?’
‘अठ्ठ्याहत्तर.’
‘मग किट कम्प्लीट आहे, मॅडम.’
‘अगं, एक डबल आहे आणि एक नाहीच.’
‘पण टोटल अठ्ठ्याहत्तरच ना?’

मी तिला समजावलं, आणि तुम्हालाही समजावते. शंभर नोटांच्या पाकिटात शंभर नोटा भरल्या म्हणून पाकीट बरोबर ठरत नाही. त्यात एकाच नंबरच्या दोन नोटा सापडल्या तर ‘टोटल बरोबर आहे ना’ असं म्हणून कोणी ती पुढे सरकवत नाही. मॅनेजरला हाक मारतात. तिलाही मी तेच म्हटलं, मॅनेजरला बोलव. तिने होल्डवर टाकलं. नऊ मिनिटं बासरी. बासरी मला आवडते, पण एकच ओळ किती वेळा?

मग ‘सिनियर’ आले. आवाज अत्यंत शांत. इतका शांत की मी काहीतरी गुन्हा केलाय आणि ते मला माफ करताहेत असं वाटावं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, टॅरोमध्ये योगायोग नसतो. फोर ऑफ कप्स तुमच्याकडे दोनदा आलं, म्हणजे युनिव्हर्स तुम्हाला काही सांगतंय. समोर आलेली गोष्ट आपण नाकारतोय का, याचा विचार करा.’

मी विचार केला. दोन सेकंद खरंच केला. कारण त्या कार्डाचा अर्थ तोच आहे, तुमच्याच चौथ्या धड्यात शिकवलेला. मग मी विचारलं, ‘आणि नाइन ऑफ कप्स?’

‘ते येईल, मॅडम. तुम्ही तयार असाल तेव्हा.’
‘कुरिअरने?’

यावर शांतता. मग, ‘मॅडम, तुमची एनर्जी थोडी निगेटिव्ह येतेय.’

मी म्हटलं, एनर्जीचं राहू द्या, कार्ड कधी येतंय ते सांगा. म्हणाले, सुटं कार्ड पाठवायची सिस्टीम नाही, आणि कॅटचं सील फोडलेलं असल्याने पूर्ण कॅट परत घेता येत नाही. सील न फोडता आतली कार्डं मोजायची सिद्धी तुम्ही बहुधा लेव्हल तीनमध्ये शिकवत असाल. तिची फी किती, असं मी विचारलं. हे मी विचारायला नको होतं, मान्य. फोन ठेवला गेला.

नाइन ऑफ कप्सला शिकणारे सगळे विशकार्ड म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्याच जाहिरातीत तो हाताची घडी घालून ऐसपैस बसलेला गृहस्थ आणि मागे मांडलेले नऊ कप आहेत, खाली ‘आता तुमची इच्छा पूर्ण होणार’. जाहिरातीत आहे, पाकिटात नाही.

यात माझं नुकसान काय, असंही तुमच्या सिनियरांनी फोनच्या सुरुवातीला विचारलं होतं. सांगते. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जायची आहे आणि समोरच्या वहिनींच्या घरात बिल्डरच्या ऑफरवरून रोज वाद चालतात. त्या आल्या, म्हणाल्या, बघ बाई काय म्हणतात तुझे पत्ते. मी कोणाला घ्या-नका असं सांगत नाही. माणूस काय घोळवतोय ते समोर मांडून त्याच्याशी बोलायचं, एवढंच मला शिकायचं होतं आणि एवढंच येतं. केल्टिक क्रॉस, म्हणजे दहा कार्डांची ठरलेली मांडणी, मांडला. पहिल्या जागी फोर ऑफ कप्स. छान, म्हटलं, ऑफर समोर आहे आणि तुम्ही तोंड फिरवून बसलात. वहिनी गंभीर झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, नवऱ्याबद्दल बरंच बोलल्या. मी हळूहळू एकेक कार्ड उलगडत गेले. दहावं, शेवटचं, निष्कर्षाचं कार्ड उघडलं. फोर ऑफ कप्स. वहिनींनी पहिल्याकडे बघितलं, दहाव्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ‘अगं, हे तर मघाशी निघालं होतं!’ संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगमध्ये बातमी. जादा कार्ड बाजूला काढून मांडायचं ना, असं म्हणाल. एरवी काढतेच. त्या दिवशी विसरले. पण काढलं तरी सत्त्याहत्तरच उरतात, आणि नाइन ऑफ कप्स तरीही नाहीच.

रून्सकडे वळते. तुमचा धडा म्हणतो, ‘व्हायकिंगांचे प्राचीन पंचवीस रून्स’. थोरल्या फुथार्कमध्ये, म्हणजे रून्सच्या सगळ्यात जुन्या वर्णमालेत, अक्षरं चोवीस, आठ-आठचे तीन गट. व्हायकिंगांच्या काळात तर ती घटून सोळावर आली होती. पंचविसावा कोरा दगड, ज्याला तुम्ही ‘ओडिनचा रून’ म्हणून दहा मिनिटं डोळे मिटायला लावलेत, तो १९८२ मध्ये एका अमेरिकन लेखकाने प्रचारात आणला. त्या साली मी कॉलेजात होते. वापरा, माझी ना नाही, पण मला आणि त्याला एकाच वेळी प्राचीन करू नका.

आणि दगडांवर अक्षरं कोरलेली नाहीत, सोनेरी रंगाने नुसती छापलेली आहेत. थुरिसाझ म्हणजे काटा, वुन्यो म्हणजे आनंद. फरक एवढाच की एकाचा त्रिकोण उभ्या रेघेच्या मध्यावर आणि दुसऱ्याचा टोकाला. तुमच्या सेटमध्ये दोन्ही त्रिकोण मध्येच कुठेतरी लोंबकळताहेत. मी नखाने दगडाच्या कडेला खूण केली आहे, पण कुठला कुठला ते ठरवून केली, खात्रीने नव्हे. पुढे तिसऱ्या आठवड्यात इसावरची एकुलती एक रेघ पिशवीत घासून गेली. इसा म्हणजे बर्फ, वितळला म्हणायचा. आता माझ्याकडे कोरे दगड दोन आहेत. यावरही युनिव्हर्सचं काही म्हणणं असेल तर लेखी कळवावं.

शिकवणीबद्दल थोडक्यात. बारा लाइव्ह वर्ग कबूल केलेत, सात झाले. बाकीचे पाच रेकॉर्डिंग, त्यातही एकात मागे कुकरच्या शिट्ट्या. सरावाच्या रीडिंगवर अभिप्राय मिळणार होता, माझी सहा रीडिंग्ज अजून ‘तपासणीत’ आहेत. पहिल्या वर्गात सांगितलंत, टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांनी केले. ही कल्पना १७८१ मध्ये एका फ्रेंच विद्वानाने मांडली आणि तेव्हापासून ती उगाच फिरते आहे. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून निघाले. (आमचे हे मला ‘पत्ते कुटत बसलीस’ म्हणतात, ते इतिहासाला धरून आहे असं दिसतं. त्यांना सांगितलेलं नाही.)

तुमच्या स्लाइडवर स्ट्रेंग्थ अकरावं आणि जस्टिस आठवं. तुम्ही पाठवलेल्या कॅटमध्ये बरोबर उलट. मी वर्गात विचारलं. उत्तर मिळालं, ‘तुमच्या इंट्यूइशनला जे पटेल ते घ्या.’ इंट्यूइशन नको, १९०९ साल सांगायचं होतं. त्या साली निघालेल्या रायडर कॅटमध्ये (तुमचा त्याच नमुन्याचा) तो तयार करणाऱ्या वेट यांनी या दोघांची जुनी जागा बदलली, पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढली, आणि त्यांची सही कार्डाच्या कोपऱ्यात आजही दिसते. मला हे एका रविवारात कळलं. शिकवणाऱ्या बाईंना माहीत नसेल तर तसं म्हणाव्यात, मी काही कमी लेखणार नाही. न कळलेलं झाकायला इंट्यूइशन पुढे करायची, हे मात्र मला पटत नाही.

गेल्या गुरुवारी मी स्वतः तुमच्या ऑफिसात येऊन गेले. पार्ल्याहून ट्रेनने अंधेरी, मेट्रोने साकीनाका, वर पाऊस. वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, वर फोन केला आणि म्हणाला, ‘ताई, ऑनलाइन टाका म्हणतायत.’ दोन्ही फोर ऑफ कप्स पर्समध्ये होती. त्यालाच दाखवली. तो लगेच म्हणाला, ‘हे तर सेम आहे.’ तुमच्या अख्ख्या कंपनीत ही गोष्ट आतापर्यंत त्या एका माणसाला कळली आहे. त्याला ग्राहक सेवेत घ्या.

मला राग कार्डाचा कमी आहे. छपाईत चुका होतात, बँकेतही नवीन पाकिटात नोट कमी निघायची. राग याचा आहे की टॅरो शिकणारी बाई म्हणजे काहीही सांगितलं तरी मान डोलावणारी, असा तुमचा हिशोब दिसतो. पार्सलातली चूक तुमची, आणि तिचा अर्थ मी माझ्या आयुष्यात शोधायचा! हीच कंपनी मिक्सर विकत असती तर भांड्याला झाकण नाही म्हटल्यावर ‘झाकण येईल, तुम्ही तयार असाल तेव्हा’ असं म्हणाली असती का? माझ्या सांगण्यावरून दोन मैत्रिणींनी तुमच्याकडे पैसे भरले आहेत. एकीने परवा विचारलं, ‘तुझं कार्ड आलं का गं?’ मला तोंड लपवावंसं वाटलं.

तेव्हा मला नवीन, पूर्ण कॅट हवा. एक सुटं नाइन ऑफ कप्स नको, त्याचीही पाठ वेगळ्या छटेची निघेल. रून्स कोरलेले हवेत, चोवीस पुरे. राहिलेले पाच वर्ग लाइव्ह हवेत. नाहीतर पूर्ण १४,९९९ परत करा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथूनही बासरीच ऐकू आली तर वांद्र्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी जिथे राहते तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीचं ऑफिस तर आमच्या पार्ल्यातच, लाइनीपलीकडे. मी निवृत्त आहे. वेळ भरपूर आहे.

दोन्ही फोर ऑफ कप्स शेजारी ठेवून काढलेले फोटो, पुढून आणि पाठीमागून, सोबत जोडले आहेत. पिकअपला माणूस पाठवणार असाल तर चार ते सहाच्या दरम्यान पाठवा, त्याआधी मी झोपलेली असते. जुना कॅट त्याच्याकडे देईन, पण नवीन त्याच्यासमोर उघडून, मोजून, मगच. आणि दोन फोर ऑफ कप्सपैकी गडद निळ्या पाठीचं मी ठेवून घेणार आहे. पुरावा म्हणून.

अजून तरी तुमची ग्राहक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई