बडोद्याच्या मगरी आणि आपला पाट

आई, दादा, नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता म्हणून हे लांबलचक टाइप करतोय, छोटी वाचून दाखवेल. आणि दादा, गावात "पोरगा परदेशात आहे" सांगणं बंद करा हो, रात्री बस धरली की सकाळी मालेगाव. तरी दिवाळीनंतर आलो नाही, माहितेय.

आई, मगरींचं टेन्शन घेऊ नको. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मगर जिना चढत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं तेव्हाही फक्त पार्किंग बुडालं. गाडीपण बुडाली होती, तेव्हा सांगितलं नव्हतं, आता नीट आहे.

पण इथल्या लोकांचं मला अजून कळत नाही. थंडीत मगरी काठावर ऊन खात पडतात आणि माणसं, ऑफिसला उशीर होत असला तरी, पुलावर गाडी साइडला लावून बघत बसतात, पोराला कठड्यावर उचलून धरतात, मग दोन अनोळखी माणसं वाद घालतात की ती मगर आहे का लाकूड, आणि लाकूड हललं की सगळे खूश होऊन आपापल्या वाटेने. घाबरत कोणी नाही. स्कूटरवर मगर आडवी घेऊन चाललेल्या दोघांचा व्हिडिओ तुम्हीच मला पाठवला होता ना! पण त्या पाण्याला हात कोणी लावत नाही. नदी नुसती बघायची.

इथल्या काळा घोडा चौकात सयाजीराव महाराजांचा पुतळा आहे. ऑफिसात म्हटलं, 1875 ला दत्तक आले ते आमच्या मालेगावजवळच्या कवळाण्याहून. तर विचारतात, तुमच्याकडे नदी आहे का? मोसम म्हटलं, तर म्हणे हवामान नाही, नदी विचारली.

मग फड समजावत बसलो. तीनशे वर्षांपासून नदीला बंधारा, त्यातून पाट, खाली जमिनीचे तीन-चार भाग म्हणजे फड, प्रत्येक फडात बहुतेक सगळ्यांचे तुकडे, एका फडात एकच पीक, पाणी कमी पडलं तर एक फड सगळ्यांचाच कोरडा. आणि पाणी पाटकरी देणार, ज्याचं शेत त्याने हात लावायचा नाही. एकाला खरंच वाटेना, म्हणे मग भांडणं कशावरून होतात? सांगता सांगता मला पाटातल्या गाळाचा वास आला, डोक्यावरच्या घमेल्यातून मानेवर ओघळतो तो.

बारा हजार टाकलेत. आठ मोटारीचे. गाळ काढायला आपल्या घरचा माणूस नव्हता, त्याच्या बदल्यात मजूर लावला असेल तर त्याचे बाकीच्यातून द्या, दादा तुम्ही त्या कमरेने उतरला नसाल अशी आशा आहे. छोटीच्या लग्नाला आठ दिवस आधी येतो, सुट्टी टाकलीय, मंजूर व्हायचीय.

छोटे, इथून पुढचं फक्त आईला. देवळ्याचं स्थळ जरा थांबव. इथे दांडिया बाजारात एक मुलगी आहे, मराठीच, तीन पिढ्या बडोद्यात, बोलताना मध्येच गुजराती येतं एवढंच. दादांना मी आल्यावर सांगतो.

वाचलंस ना मोठ्याने?