यंदा चवथीला माझी वाट पाहू नका

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

तामिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोच्या इंजिन-चाचणी केंद्रातली कायमची नेमणूक मी स्वीकारली. सहीसुद्धा झाली. फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून माझा धीर सुटला असता, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही सहसा कुणाकडे शब्द टाकत नाही, तरी कॅनिंग फॅक्टरीत माझ्यासाठी टाकलात. तिथे मी स्वतः फोन करून नीट सांगितलंय. त्यांनी मनाला लावून घेतलेलं नाही.

पगारासाठी राहिले असं समजू नका. इथे रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं सीई-२० इंजिन चाचणीसाठी बसवतात. चांद्रयान-३ ला वर नेणाऱ्या रॉकेटमध्ये याच जातीचं इंजिन होतं. बाबा, ते चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी तुम्ही टीव्हीपुढून जेवायलाही उठला नव्हतात. या इंजिनात द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना आणि हायड्रोजन उणे २५३ अंशांना असतो. इतक्या थंडीत धातू आकसतो, म्हणून बोल्ट टॉर्क रेंचने ठरल्या मापालाच आवळायचा, दुसऱ्याने तपासून सही करायची, मग हेलियम भरून गळती शोधायची. ऑक्सिजनच्या नळीत तेलाचा अंश राहिला तरी पेट घेऊ शकतो. हातमोजे चढवताना मला तुमची आंबा उतरवण्याची शिस्त आठवते: देठ राखा, फळाला चीक लागता नये. तेच इथे कामी येतंय.

हेच इंजिन पुढे गगनयानात माणसांना नेणार. त्यासाठी किमान ६३५० सेकंद चालवायचा दंडक होता, चार इंजिनं मिळून ८८१० सेकंद चालवली गेली. अशा कामात माझा हात लागावा असं मला मनापासून वाटतं, बाबा. आणि आई, इंजिन पेटतं तेव्हा स्टँडजवळ कुणी नसतं. सगळे लांब कंट्रोल रूममध्ये असतात. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

जेवणाची काळजी नको. उकडा तांदूळ इथेही मिळतो, मासे कन्याकुमारीकडून ताजे येतात, खोबऱ्याला तोटा नाही. क्वार्टरला वारा भरपूर आहे. फक्त तापात तू कपाळावर ठेवायचीस तो गार हात इथे नाही गो. तापाची चाहूल लागली की अजून तुझ्याच कुशीत शिरावंसं वाटतं.

चवथीच्या दिवसांत चाचणी आहे, सुट्टी मागितली नाही. गणपतीवरची माटी बांधायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, धाकट्या काकांच्या मुलाला सांगा. त्या वेळचं सगळं विसरून त्याला बोलवा, तो येईल. बागेत अनवाणी जाऊ नका, लेप्टोच्या तापाचे दिवस आहेत, गमबूट पडवीतच ठेवा. ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं, काढा घेऊन बसायचं नाही. प्रेशरची गोळी सकाळी न्याहारीनंतर, विसरलात तर दुपारी दोन एकदम नाही. आईच्या मोतीबिंदूची तारीख दिवाळीआधीची घ्या. ऑपरेशनला मी येणार, ती सुट्टी मात्र मी आधीच सांगून ठेवलीय.

थंडीत तुम्ही दोघं इकडे या. नेत्रावतीने तिरुवनंतपुरमला उतरा, मी स्टेशनवर असेन. खालचा बर्थ मीच काढते, बाबांनी तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं नाही.

तुमची,
बाय