पाण्याची पातळी सांगता, तशी मगरही सांगा

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सांगली जिल्ह्यात कृष्णा नदीत दिसणाऱ्या मगरी आणि नदीत उतरणाऱ्यांची सुरक्षा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच असतो, ‘आयर्विनला किती झालं?’ कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीनं वेळेत घरं सोडली, ती त्या आकड्यांकडे बघूनच. कोयनेतून किती पाणी सोडलं आणि ते सांगलीत कधी पोचणार, हे आम्हाला मध्यरात्रीसुद्धा कळतं. नदी आणि माणूस यांच्यामधली ही व्यवस्था अनेक वर्षांत उभी राहिली आहे आणि तिनं जीव वाचवले आहेत.

तीच नदी उन्हाळ्यात संथ होते. परीक्षा संपतात, पोरं घाटावर येतात, कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. त्या पाण्यात काल संध्याकाळी मगर दिसली होती का, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. मी हे पत्र त्यासाठी लिहितोय.

मी तीस वर्षं कृष्णेत पोहतोय. पाठीला डबा बांधून मामानं शिकवलं. आता मे महिन्याच्या सुट्टीत आसपासच्या मुलांना मी शिकवतो. पैसे घेत नाही, कारण माझ्याकडूनही कुणी घेतले नव्हते. दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ सांगतो. साडेसहा वाजले होते, सात मुलं पाण्यात होती. पलीकडच्या मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या रानाच्या, कडेला मला ओंडक्यासारखं काहीतरी दिसलं. ओंडका पाण्याबरोबर खाली जातो. हा वर सरकत होता. मी ओरडलो नाही, कारण ओरडलं की मुलं गडबडतात, हातपाय मारतात, पाणी गिळतात. ‘आजचा तास संपला, चला, पायरीवर कोण आधी पोचतंय’ एवढंच म्हणालो. सगळ्यात लांब असलेला मुलगा नऊ वर्षांचा होता. तो पायरीला लागेपर्यंतचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. मागं वळून बघितलं तेव्हा पाण्यावर काहीच नव्हतं, आणि भीती वाटली ती त्यानंतर.

घरी जाऊन एका कार्यालयात फोन लावला. उत्तर मिळालं, ‘दिसली म्हणजे काही केलं का तिनं? पाण्यात उतरू नका.’ मी रागावलो नाही. त्या माणसाकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा घाटावर गेलो, कुणी उतरत असेल तर सांगावं म्हणून. दोन बायका त्याच पायरीवर गुडघाभर पाण्यात वाकून वाकळा धूत होत्या. त्यांना काहीही माहीत नव्हतं. मगर दिसली त्याला चोवीस तास होत आले होते. मला ती दिसली होती, मी फोन केला होता, कार्यालयाला कळलं होतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्या अजून पाण्यातच उभ्या होत्या.

‘घरोघरी नळ आलेत, नदीवर जाता कशाला?’ असं शहरातली माणसं सहज विचारतात. साहेब, वाकळ नळाखाली धुऊन निघत नाही. सतरंज्या, गोधड्या, सुतकातली धुणी नदीवरच जातात. म्हशी नदीवर जातात. रक्षाविसर्जनानंतर आंघोळ नदीवर होते, गौरी-गणपती नदीवर जातात. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला आलेला माणूस पाण्यात पाय बुडवल्याशिवाय परत फिरत नाही. बह्याचं रामलिंग बेट तर नदीच्या पात्रातच आहे. आणि शेतकऱ्याचं काय? नदीवरच्या मोटारीला शेवाळ, कचरा अडकला की पाणी ओढणं बंद होतं. मग कुणीतरी गळाभर पाण्यात उतरून फुटबॉल साफ करतो. पाइपच्या तोंडाच्या झडपेला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. बऱ्याचदा हे काम रात्री होतं, कारण वीज रात्री येते. त्या माणसाला ‘पाण्यात उतरू नका’ हा सल्ला देणं म्हणजे उसाला पाणी देऊ नका म्हणण्यासारखं आहे.

भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, चोपडेवाडी, ब्रह्मनाळ, डिग्रज आणि खाली सांगली-हरिपूरपर्यंत कुठल्याही गावात विचारा, मगर पाहिलेली माणसं भेटतील. या पट्ट्यात मगरीनं माणसांचे जीव घेतले आहेत, त्यात मुलंही होती. त्या घरांबद्दल मी इथं लिहिणार नाही, तो त्यांचा शोक आहे. पण प्रत्येक वेळी नंतर काय होतं ते लिहितो. आठ दिवस होड्या फिरतात, फलक लागतो, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, त्यातले निम्मे दुसऱ्याच नदीचे असतात. गाव दोन आठवडे नदीकडे फिरकत नाही. मग वाकळा साचतात, मोटार बंद पडते, आणि माणसं परत पाण्यात उतरतात. फलक तिथंच राहतो, बारा महिने, तोच मजकूर. रोज तेच सांगणारा फलक कुणी वाचत नाही.

मगरी मारा किंवा सगळ्या पकडून न्या, असं मी म्हणत नाही. गावात तसं म्हणणारे आहेत आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांना मी बोल लावणार नाही. पण या नदीवर मगरीचाही हक्क आहे. कुणी तिला सुसर म्हणतं, पण खरी सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी. आपली ती रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली मगर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ती आहे, वाघाच्या बरोबरीनं. पकडून लांब सोडण्याचा उपायही वाटतो तितका पक्का नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरनं उचलून दुसऱ्या किनाऱ्याला सोडल्या, त्यांच्या पाठीला उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली. त्यातली एक ४०० किलोमीटरहून जास्त पोहून आपल्या जागेवर परत आली. २००७ साली हे प्रसिद्ध झालंय. शिवाय एक जागा रिकामी झाली की तिथं दुसरी येते, तिला माणसांची आणि घाटांची ओळखही नसते.

तिचं वेळापत्रक मात्र ठरलेलं आहे, आणि सगळी मेख तिथं आहे. हिवाळ्यात ती ऊन खायला काठावर येते, तेव्हा दिसते, मोजता येते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि त्या जागेजवळ कुणाला फिरकू देत नाही. पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. याच दिवसांत नदीचं पाणी उतरून डोहांत आणि बंधाऱ्यांच्या मागं साचलेलं असतं, म्हणजे मगरीलाही तिथंच राहावं लागतं. आणि याच दिवसांत मुलांना सुट्टी असते. वाळूचे पट्टे उपसून नेले, मळीपर्यंत ऊस लावला, तेव्हा तिला अंडी घालायला उरली ती जागा आपल्या पायवाटेलगतची. हे सगळं आधीपासून माहीत असताना दर उन्हाळ्यात आपण नव्यानं का दचकतो?

आता एक समुद्रकाठची गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला म्यूझेनबर्ग नावाचा किनारा आहे. तिथं मोठे पांढरे शार्क किनाऱ्यालगत येत असत आणि पोहणाऱ्यांवर हल्ले झाले होते. २००४ पासून तिथं शार्क टेहळणीचं काम सुरू झालं. समुद्रावर झुकलेल्या डोंगरावर दुर्बीण घेऊन माणूस बसतो. खाली किनाऱ्यावर झेंडा असतो. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ आहे, नीट दिसतंय, शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे शार्क दिसलेला नाही, पण पाणी गढूळ आहे, आमच्या नजरेवर विसंबू नका. लाल म्हणजे नुकताच दिसला होता, सावध राहा. आणि शार्कचं चित्र असलेला पांढरा झेंडा चढला की भोंगा वाजतो आणि सगळे पाण्याबाहेर येतात.

मला यातला काळा झेंडा सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘आज आम्हाला दिसत नाही’ हे प्रामाणिकपणे सांगणारी सरकारी पाटी मी आपल्याकडे कधी पाहिलेली नाही. कृष्णा तर वर्षातले कितीतरी महिने गढूळ असते.

याच्या उलट रीयुनियन नावाच्या बेटावर झालं. शार्कचे लागोपाठ हल्ले झाल्यावर २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनानं खाजणाबाहेर आणि पहारा नसलेल्या किनाऱ्यांवर पोहायलाच बंदी केली. आपल्याला हा मार्ग परवडणारा नाही. समुद्रावर माणूस हौसेनं जातो, कृष्णेवर कामानं आणि श्रद्धेनं जातो.

म्हणून माझं मागणं असं आहे की भिलवडीपासून हरिपूरपर्यंत जिथं माणसं रोज पाण्यात उतरतात त्या प्रत्येक घाटावर, फेब्रुवारी ते जून, पहाटे आणि संध्याकाळी टेहळणीला माणूस असावा आणि झेंडा असावा. त्यासाठी बाहेरून कुणी आणू नका. होडीवाले आहेत, मासेमारी करणारे कोळी बांधव आहेत, आमच्यासारखे रोज पोहणारे आहेत. पाण्यावरचा बुडबुडा कुणाचा आणि लाट कुणाची, हे त्यांना कळतं. त्यांना मानधन द्या, दुर्बीण द्या, भोंगा द्या. तुमच्या खात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. त्यावर मगर दिसल्याची खबर आली की ती तासाभरात त्या घाटाच्या झेंड्यावर आणि दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींच्या भोंग्यावर पोचली पाहिजे. पुराच्या वेळी हेच भोंगे काम करतात, म्हणजे यंत्रणा आहे. फक्त तिला मगरीची खबर द्यायची सवय लावायची आहे.

पैशांचं म्हणाल तर हिशेब करून बघा. मगरीच्या हल्ल्यात माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना शासन २५ लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण महिना १५ हजार मानधन धरलं तर एवढ्या रकमेत एका घाटावर एक माणूस जवळजवळ चौदा वर्षं बसवता येतो, तोही बारा महिने.

जिथं धुणं आणि आंघोळ टळणारच नाही, तिथं पाण्यात जाळीचं कुंपण घाला. ओडिशात भितरकनिकाच्या आसपासच्या गावांत वन विभागानं नदीतल्या घाटांना अशी कुंपणं घातली आहेत, म्हणजे आपल्याच देशात हे झालेलं आहे. आपल्याकडे पूर येतो, कुंपण वाहून जाईल, असं अभियंते म्हणतील. मग पावसाळ्याआधी काढता येईल असं करा. मोटारीच्या फुटबॉलसाठी पाण्यात न उतरता तो वर ओढता येईल अशी कप्पी आणि साखळी शेतकऱ्याला अनुदानात द्या. तुमच्या खात्याचा हा विषय नाही हे मला कळतं, पण कृषी आणि जलसंपदा खात्यांशी बोलायला तुमच्याइतकं जवळचं कोण आहे? आणि मेलेल्या कोंबड्या, कत्तलीची घाण नदीत टाकणाऱ्यांवर कारवाई करा. घाटाशेजारी रोज आयतं खायला मिळालं तर मगर घाटाशेजारीच राहणार.

दर हिवाळ्यात मगरींची मोजणी करून तिचा आकडा गावागावांत लावावा, हेही सांगून ठेवतो. आकडा लपवला की अफवा वाढते. दर बारा वर्षांनी येणाऱ्या कन्यागत सोहळ्यात हजारो माणसं या नदीत स्नानाला उतरतात. मागचा सोहळा २०१६ साली झाला, पुढचा आता लांब नाही.

सगळ्या घाटांवर एकदम जमणार नसेल तर या उन्हाळ्यात एकाच घाटावर करून बघा. कुठला घाट, ते गावांना ठरवू द्या. पहिल्या महिन्याची पहाटेची टेहळणी मी विनामोबदला करायला तयार आहे, माझ्यासोबत रोज पोहणारे आणखी चौघे आहेत. त्या दिवशी सगळ्यात लांब असलेला तो मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याची आई त्याला नदीवर पाठवत नाही. परवा रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं विचारलं, ‘काका, यंदा क्लास आहे?’ मी त्याला म्हटलं, एक पत्र लिहितोय, उत्तर आलं की सांगतो.

आपला विश्वासू,
कृष्णाकाठचा एक पोहणारा
सांगली

प्रत : मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा, मा. जिल्हाधिकारी, सांगली