आई, गाडीचं काय झालं होतं ते

कालगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया
७ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल अनंत चतुर्दशीला फोन केला तर तू दोनच वाक्यं बोललीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. गौरीच्या जेवणाला ताईच्या तोंडून गाडीचा विषय निघाला आणि बाबांना पाच महिन्यांपासून सगळं ठाऊक होतं हे तुला कळलं, तेव्हापासूनचा हा अबोला. तुझा राग खरा आहे. पण बाबांना गप्प राहायला मीच सांगितलं होतं, त्यांच्यावर काढू नकोस. फोनवर या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून पहिल्यापासून लिहिते. दादा दसऱ्याला तसलीच गाडी घरी आणतोय, त्यालाही हे वाचायला दे.

गाडी घेतली तेव्हा तू फोनवरूनच ओवाळलं होतंस, आठवतं ना? मार्चचा पहिला आठवडा होता. गाडी पर्थहून घेतली. तिथून कालगुर्ली जवळजवळ सहाशे किलोमीटर. रस्त्याच्या कडेने आमच्यासोबत पाण्याचा मोठा नळ धावत होता. १९०३ सालापासून पर्थजवळच्या धरणाचं पाणी या नळातून इथल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला येतं. आम्ही कोयनेच्या काठची माणसं, आम्हाला पाण्याची किंमत इथे येऊन कळली. त्या प्रवासात गाडी छान चालली. तुझा नातू सोन्या मागे झोपला होता.

अशी उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी कशाला, असं तू तेव्हाही विचारलं होतंस. इथे गाव सोडलं की डांबर संपतं. पुढे लाल मातीचा रस्ता, आणि त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा. साध्या गाडीचे सांधे त्यावर महिन्याभरात खिळखिळे होतात. तुमच्या जावयांचं काम आठवड्यातून दोनदा अशाच रस्त्याने दूरच्या खाणीवर असतं. गावापासून थोडं लांब गेलं की मोबाइलला रेंज नसते. अडकलो तर तासन्‌तास कुणी येत नाही. म्हणून चार वर्षं पैसे साठवले आणि पुढचा धुरा एकसंध असलेली, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असलेली, खडबडीत रस्त्यासाठीच बनवलेली गाडी घेतली.

ईस्टरला चार दिवस सुट्टी होती, म्हणून एस्परन्सला समुद्रावर निघालो. दक्षिणेला साधारण चारशे किलोमीटर. नॉर्समन मागे टाकलं होतं. गाडी मी चालवत होते, काटा शंभरावर. रस्ता दोरीने आखल्यासारखा सरळ. एका ठिकाणी डांबराचं ठिगळ आलं, उजवं चाक त्यावरून गेलं आणि स्टेअरिंग माझ्या हातातून सुटल्यासारखं डावी-उजवीकडे थडथडायला लागलं. इतक्या वेगाने, की स्टेअरिंगच्या मधल्या दांड्या दिसेनात. आरशात नुसती धूसर रेघ. डॅशबोर्डवरचा गणपती उडून खाली पडला. सोन्या रडायला लागला आणि हे "ब्रेक, ब्रेक" म्हणून ओरडत होते.

मी करकचून ब्रेक मारला नाही. बाबा आम्हाला कुंभार्ली घाटात मागच्या सीटवर बसवून जे सांगायचे ते त्या क्षणी कानात आलं: "गाडी बिथरली तर तू बिथरू नको. पाय अलगद उचल." मी पाय उचलला, स्टेअरिंग घट्ट आवळून न धरता नुसतं सरळ धरून ठेवलं आणि गाडी हळूहळू आपोआप मंदावू दिली. काटा साठाच्या खाली आला तशी थरथर थांबली, काहीच झालं नाही अशी. कडेला घेतली. दोनच मिनिटांनी समोरून तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने आमची उभी गाडी हलली. तो दोन मिनिटं आधी आला असता तर, हे मी तुला तेव्हा सांगू शकले नाही. आजही लिहिताना हात थांबतोय. म्हणूनच नव्हतं सांगितलं, आई. तुला रात्र-रात्र झोप लागली नसती, आणि इथून मी तुझ्या उशाशी येऊन बसू शकले नसते.

पुढे साठच्या वेगाने एस्परन्सला पोचलो. रात्री साडेनऊला बाबांना फोन केला, तिकडे सात वाजले होते, तू देवळात गेली होतीस. बाबांनी घाबरण्याचा एक शब्द काढला नाही. पहिला प्रश्न विचारला, "किलोमीटर किती झालेत?" दुसरा, "कुठल्या ठिकाणी?" तिसरा, "थांबल्यावर स्टेअरिंग मोकळं लागलं का?" आणि म्हणाले, "आधी वही घे आणि लिही. तारीख, वेळ, रीडिंग, वेग, रस्ता. डेपोत तोंडी सांगितलेला दोष मी कधी दुरुस्त झालेला पाहिला नाही. लिहून दिलेला दोष मात्र कुणाला तरी सही करून बंद करावा लागतो."

ती वही मी घातली. सोन्याची जुनी शाळेची वही. पहिली नोंद: १८ एप्रिल, २,९१४ कि.मी.

मे महिन्यात विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. म्हणजे सहाशे किलोमीटर, ऐंशीच्या वर वेग न जाऊ देता. दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दोष आढळला नाही, एकसंध धुऱ्याच्या गाड्या थोड्या अशाच चालतात, चाकं बॅलन्स करून दिली आहेत. जॉबकार्डवर त्याने लिहिलं होतं, "ग्राहकाला थरथर जाणवते." मी सही केली नाही. माझे शब्द माझ्या भाषेत लिहा, म्हटलं: शंभरच्या वेगाला खड्ड्यावरून गेल्यावर स्टेअरिंग ताब्यात राहत नाही, वेग साठाखाली आल्याशिवाय थांबत नाही. तो का-कू करत होता. मी तिथेच उभी राहिले. शेवटी लिहिलं. पुढे सगळं त्या एका ओळीवर उभं राहिलं, दादाला हे नीट सांग.

परत येताना सदर्न क्रॉसजवळ तेच झालं. नोंद दुसरी.

जूनमध्ये दुसऱ्यांदा नेली तेव्हा त्यांनी स्टेअरिंगचा डॅम्पर बदलला. डॅम्पर म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरसारखी आडवी नळी असते, चाकांकडून येणारे हिसके गिळायला. नवा बसवल्यावर तीन आठवडे गाडी गुणी वागली आणि मी वेडी खूश झाले. बाबा मात्र फोनवर म्हणाले, "दुखऱ्या दाढेत लवंग धरली आहेस. दाढ तशीच आहे." तसंच झालं. तीन आठवड्यांनी कूलगार्डीच्या रस्त्यावर पुन्हा.

त्या रविवारी बाबांनी इथलं अंगणच डेपो केलं. व्हिडिओ कॉल लावला. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना चारही बाजूंनी विटा. इंजिन चालू. हे स्टेअरिंगवर बसून ते थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं हलवत राहिले. मी पाठीवर झोपून पुढच्या धुऱ्याखाली सरकले, एका हातात फोन. बाबा म्हणाले, "जॅक लावून गाडी उचलायची नाही. चाकांवर वजन असतानाच खोट बोलते. प्रत्येक जोडावर हात ठेव. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं." एकेका जोडावर तळवा ठेवत गेले. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची दोन्ही टोकं, गप्प. स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा, ड्रॅग लिंक, गप्प. मग चासीपासून धुऱ्यापर्यंत आडवा जाणारा एक दांडा असतो, इथे त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. धुरा डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवण्याचं काम त्याचं. त्याच्या धुऱ्याकडच्या बोल्टावर बोटं ठेवली आणि स्टेअरिंग वळलं तसं बोटांखाली टक् झालं. पुन्हा वळलं, पुन्हा टक्.

टॉर्च मारला. बोल्टाच्या डोक्याभोवती रंग झिजून चकचकीत लोखंडाचं कडं पडलं होतं, जोडव्याएवढं. बाकी सगळीकडे लाल धूळ बसलेली, तेवढंच कडं लखलखत होतं. फोन जवळ नेऊन बाबांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा बोल्ट पहिल्या दिवसापासून पुरता आवळलेला नाही."

तुला आपल्या परसदारचं दार आठवतं? बिजागरीचा स्क्रू सैल झाला होता, तरी आपण वर्षभर ते तसंच ओढत राहिलो. मग भोकच मोठं झालं. नवा स्क्रू घातला तरी धरेना, शेवटी बाबांनी काडेपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. इथेही तेच झालं होतं. सैल बोल्ट हलून-हलून धुऱ्यावरच्या पट्टीतलं गोल भोक लांबट झालं होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पैसे घेऊन लेखी तपासणी करून दिली: बोल्ट चौदा मिलिमीटर, भोक एका अंगाने सोळाहून जास्त. दोन मिलिमीटर, आई. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी जागा. तेवढ्यात धुरा इकडून तिकडे आपटायचा, आणि शंभरच्या वेगाला त्याचं ते थैमान व्हायचं.

विक्रेता म्हणाला, भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून देतो. चार महिन्यांच्या गाडीच्या धुऱ्यावर वेल्डिंग! बाबांच्या काड्यांनी परसदारचं दार टिकलं, कारण त्या दारात बसून माझा मुलगा शंभरच्या वेगाने जाणार नव्हता. मी नाही म्हटलं.

इथे १ जानेवारी २०११ पासून साऱ्या देशाला एकच ग्राहक कायदा आहे. वस्तू असुरक्षित असेल, किंवा दोष आधी कळला असता तर कुणाही शहाण्या माणसाने ती घेतलीच नसती असा असेल, तर त्याला "मेजर फेल्युअर" म्हणतात. मग दुरुस्ती घ्यायची, बदलून घ्यायची की पैसे परत घ्यायचे, हे विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने ठरवायचं. "कंपनीकडे जा" म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. हे मी राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाला फोन करून समजून घेतलं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "हे सगळं लिहिलेलं आहे का?" सोन्याची वही माझ्या मांडीवरच होती.

१४ जुलैला विक्रेत्याला पत्र दिलं. सोबत पाच नोंदी, दोन जॉबकार्डं, मेकॅनिकचा अहवाल, कड्याचा फोटो. गाडी नाकारते आहे, बदलून हवी, असं स्पष्ट लिहिलं. त्याच दिवशी केंद्र सरकारच्या वाहतूक खात्यालाही दोष कळवला, कारण तसाच सैल बोल्ट आणखी कुणाच्या गाडीत असेल तर त्याच्याही मागच्या सीटवर कुणीतरी झोपलेलं असेल. विक्रेत्याकडून तीन आठवडे नुसतं "वरिष्ठांशी बोलतो" चाललं. मग माणूस बदलला, आवाज मऊ झाला, आणि २२ ऑगस्टला नवी गाडी मिळाली.

ताब्यात घेण्याआधी मी त्यांच्याच आवारात खाली सरकले. तिथल्या मुलाला स्टेअरिंग हलवायला सांगितलं. साडीवर नव्हते, जुनी पँट मुद्दाम घालून गेले होते. एकेका जोडावर हात ठेवला. सगळे गप्प. बोल्ट किती आवळला आहे ते त्यांच्याकडून टॉर्क पान्याने समोर मोजून घेतलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग चावी घेतली.

दादाला सांग, दसऱ्याच्या दिवशी हार-नारळाच्या घाईत गाडी घेऊ नकोस. आदल्या दिवशी बाबांना शोरूमला घेऊन जा आणि त्यांना गाडीखाली हात घालू दे. कुणी हसलं तर हसू दे. आणि काही निघालंच, तर आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे साताऱ्याला. वकील पाहिजेच असं नाही. पण वही पाहिजे.

बाबांसाठी: ड्यूटीवरून आल्यावर ओट्यावर बसून तुम्ही हात धुवायचात, तळव्याला ग्रीस तसंच राहायचं, आणि मी म्हणायचे, शी बाबा. त्या रविवारी गाडीखालून निघाले तेव्हा माझ्या तळव्याला तसंच काळं होतं. दोन दिवस मी ते घासून काढलं नाही.

आई, आता गाडी ठीक आहे. काल नॉर्समनच्या पुढे जाऊन आलो. ते डांबराचं ठिगळ आलं तेव्हा सोन्याने डोळे मिटून घेतले होते. शंभरच्या वेगाने त्यावरून गेलो, काही झालं नाही. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, आजीला सांग.

म्हणून सांगते आहे. उद्या संध्याकाळी सात वाजता फोन करीन. तू घे.

तुझीच,
राणी