‘खांदे मागे’ म्हणून घोडेस्वारी येत नाही

महोदय,

सुट्टीतल्या घोडेस्वारी शिबिरांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सोबतचे फोटो पाहून राहवले नाही. जवळजवळ प्रत्येक मुलाची छाती पुढे काढलेली, खांदे मागे ओढलेले, कंबर आत गेलेली. ‘खांदे मागे, छाती पुढे’ हा हुकूम परेडच्या मैदानावर शोभतो, खोगिरावर नाही. घोडदळात मी रिक्रुटांना मांड शिकवत असे, म्हणून हे जरा ठासून लिहितो.

स्वाराकडे नेहमी बाजूने पाहावे. कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत हवेत. घोडा खालून काढून घेतला तरी माणूस आपल्या पायांवर उभा राहील, अशी ती बैठक. खांदे ओढून धरले की पाठ ताठरते, खुबा हलेनासा होतो आणि दुडकी सुरू झाली की पोर उसळायला लागते. मग तोल सावरायला ते लगामाला लटकते आणि सगळा भार घोड्याच्या तोंडावर येतो.

वळवताना तर आणखी पंचाईत. ‘डावीकडे जायचंय? डावा लगाम ओढ,’ एवढेच मुलांना सांगितलेले असते. घोड्याला आपल्यासारखे कॉलरबोन नसते. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. नुसता डावा लगाम ओढला की मान डावीकडे वळते, पण उजवा खांदा बाहेर निसटतो. घोडा तोंड डावीकडे करून सरळच चालत राहतो आणि हट्टी ठरतो! वळताना स्वाराने कमरेपासून वळावे, आपले दोन्ही खांदे घोड्याच्या खांद्यांना समांतर ठेवावेत, बाहेरचा लगाम मानेलगत असू द्यावा. घोड्याचा खांदा वळला की घोडा वळतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गेरिनिएर या उस्तादाने ‘शोल्डर-इन’चा, म्हणजे घोड्याचे खांदे किंचित आत घेऊन त्याला तिरके चालवण्याचा धडा बसवला, तोही घोड्याचे खांदे मोकळे करण्यासाठीच. आज ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, त्याला गुण मिळतात.

खोगिराचेही तेच. पाय पुढे पडताना फऱ्याचा, म्हणजे खांद्याच्या रुंद हाडाचा, वरचा भाग मागे सरकतो. खोगीर त्यावरच चढवून तंग (पोटाखालचा पट्टा) आवळला, तर घोडा पावलागणिक अडतो आणि आखूड चालू लागतो. थंड हवेच्या ठिकाणी भाड्याच्या घोड्यांवर हे सर्रास दिसते. फऱ्याची मागची कड हाताने चाचपावी, खोगीर थोडे पुढे टेकवून त्या कडेच्या मागे सरकवावे. त्याने खालचे केसही नीट बसतात. याला पैसा लागत नाही.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. मुले या खेळाकडे येत आहेत याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच आयोजकांना कळकळीची विनंती, की सुरुवातीचे धडे लांब दोरीवर, गोल फिरणाऱ्या घोड्यावर द्या. लगाम मुलांच्या हाती देऊ नका, हात मोकळे ठेवू द्या आणि जाणता माणूस बाजूला उभा करा. पालकांनीही ‘उडी कधी मारायला शिकवणार?’ हे विचारण्याआधी आपल्या मुलाला दोरीवर किती दिवस ठेवणार, ते विचारावे.

– एक निवृत्त घोडदळ प्रशिक्षक, सातारा