माशांचीही पीकपाहणी व्हावी : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : नदीखोरेनिहाय आणि जातीनिहाय माशांची नोंद ठेवण्याबाबत

महोदय,

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा दिला, त्याचे भीमा नदीवरील उजनी धरणाच्या काठी स्वागतच झाले. मी इंदापूर तालुक्यात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि गेली काही वर्षे भिगवणच्या बाजारात लिलावासाठी येणारी मासळी पाहून वहीत टिपून ठेवतो. या निर्णयामुळे एक गोष्ट आपल्या कानावर घालावीशी वाटली. शेतीत पीकपाहणी करताना ज्वारी किती, ऊस किती, हरभरा किती हे वेगवेगळे लिहिले जाते. ‘एकूण पीक इतके टन’ असे लिहून कोणी मोकळे होत नाही. माशांच्या बाबतीत मात्र आपण जवळजवळ तेच करतो. मी एका कार्यालयात आमच्या भागातील उत्पादनाचे आकडे मागितले, तेव्हा मिळालेल्या तक्त्यात रोहू, कटला, मृगळ यांना स्वतंत्र रकाने होते आणि बाकी सारी नदी ‘इतर’ या एका रकान्यात बसवलेली होती.

त्या ‘इतर’मध्ये काय काय येते, हे लिलावाच्या ओट्यावर दिसते. पहाटे क्रेट रिकामे होतात तेव्हा ढिगाचा बहुतांश भाग चिलापीचा (तिलापिया माशाचा) असतो. त्यात एखाददुसरा शिवडा किंवा वांब, मूठभर शिंगटे आणि नशीब असेल तर एखादी मरळ निघते. आंबळी आली तर निवडणारी बाई ती बाजूला ठेवते, कारण ती घरी खायची असते. हल्ली जाळ्यात खरखरीत पाठीचा सकरही येतो. शोभेच्या टाक्यांतून सुटलेल्या या माशाला गिऱ्हाईक तर नाहीच, उलट त्याच्या काट्यांनी जाळे फाटते ते वेगळेच.

चिलापीला दोष देऊन उपयोग नाही. कित्येक घरांची चूल तिच्यावर चालते. मोझांबिक चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि नाईल चिलापी मागाहून आली. उजनीत त्यांचे फावले याचे कारण धरणाच्या पाण्यातच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता, म्हणजे वापरायचे पाणी संपून तळाचा मृतसाठाही बराच उपसला गेला होता. तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात परातीएवढ्या गोल खळग्यांच्या रांगाच रांगा दिसत होत्या. ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी होती. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे पाणी चार हात उतरले तरी तिचे बिघडत नाही. खुद्री (म्हणजे आपला दख्खनी महाशीर), कोळशी आणि त्यांच्यासारखे नदीचे मासे मात्र पहिल्या पुराबरोबर वर चढतात आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्या-वाळूवर अंडी सोडतात. या चढणीच्या माशांना आता वर चढायला वाटच राहिलेली नाही. खाली उजनी आणि वर खडकवासला, पवना, चासकमान, भामा आसखेड अशी धरणे आहेत आणि मधल्या पट्ट्यात पुणे-पिंपरीचे सांडपाणी व जलपर्णी आहे. (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले जातात, त्यामुळे तेथे निदान पुराच्या दिवसांत मासा पुढे सरकू शकतो. मोठ्या धरणांत तेवढीही सोय नाही.)

पूर्वी येथे काय होते याची नोंद आपल्याकडे आहे, हे विशेष. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. मुळा-मुठेतील खुद्री, इंद्रायणीतील नाकावर खाच असलेला नकटा, तसेच कोळशी, सांडखोल, घोगरा आणि शिंगटी यांना त्याने दिलेल्या शास्त्रीय नावांत मराठी नावेच ठेवली आणि जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात. त्यांतील नकटा आज जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. ज्या माशाला आपल्या भाषेने नाव दिले, त्याला आपल्या तक्त्यात रकाना नाही.

दुसरा मुद्दा खोऱ्यांचा आहे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत आणि भीमेत ते बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, रूपाने सोडले जातात. जलाशयाचा ठेका देताना इष्टतम बोटुकली संचयनाची, म्हणजे किती पिल्ले सोडायची याची, संख्या ठरवली जाते, परंतु ती बोटुकली कोणत्या खोऱ्यातली असावी हे विचारले जात नाही. चांगल्या हेतूने केलेले संचयनही कसे अंगलट येते, याचे उदाहरण आपल्याच खुद्रीचे आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून खुद्रीची पैदास होत आली आणि तिची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला, केशरी परांचा महाशीर तेव्हापासून मागे हटत गेला आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. जो मासा भीमेत जपायचा, तोच कावेरीत उपरा झाला.

म्हणूनच वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाकडे मी काळजीने पाहतो. त्यात गोसीखुर्द धरणाचे, म्हणजे गोदावरी खोऱ्यातले पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्यांतून तापीच्या खोऱ्यात जाणार आहे. पाण्याबरोबर अंडी आणि पिल्लेही जातील. कालवा सुरू होण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या माशांची यादी तयार नसेल, तर पुढे काय बदलले हे कोणालाच सांगता येणार नाही.

माझी विनंती खर्चाची नाही. प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या उतरण केंद्रावर (जाळ्यातली मासळी काठावर उतरवतात तेथे) महिन्यातून दोन दिवस जातीनिहाय वजन नोंदवावे. ते काम सहकारी संस्थांतील मच्छीमार स्त्रियांना मोबदला देऊन सोपवावे, कारण मासा हाताखालून जाताना ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. भंडारा-गोंदियात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाने तलावांत देशी वनस्पती आणि मासे परत आणून दाखवले आहेत. असे जाणते लोक प्रत्येक खोऱ्यात आहेत. ठेक्याच्या अटींत त्या त्या खोऱ्यातल्या देशी माशांचा काही हिस्सा बंधनकारक करावा आणि त्यासाठी शासकीय मत्स्यबीज केंद्रांत कोळशी, मरळ, शिंगटा यांची पैदास हाती घ्यावी. बंदी असलेला आफ्रिकन मागूर शेततळ्यांत अजूनही वाढवला जातो आणि पुरात नदीला मिळतो. त्यामुळे कारवाई पावसाळ्यानंतर न होता मे महिन्यातच व्हावी. चढणीच्या माशांसाठी धरणांतून जुलैत काही दिवस ठरवून पाणी सोडण्याबाबत जलसंपदा विभागाशी बोलणे मात्र आपल्यालाच करावे लागेल. ते आमच्या आवाक्यातले नाही.

उजनीसाठी बोटुकलीची पुढची मागणी निघेल तेव्हा तिच्या तक्त्यात ‘इतर’ऐवजी निदान दहा नावांचे रकाने असावेत. भिगवणच्या ओट्यावर टिपलेली नावे आणि माझ्या वहीची प्रत मी सोबत जोडत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक
ता. इंदापूर, जि. पुणे